कथेत पाहणारा कोण आहे, हे शब्दांवरून कसे ओळखावे?

पानगळ

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. बारावीला कथा हा साहित्यप्रकार स्वतंत्रपणे अभ्यासायचा असल्यामुळे कथानक, पात्रे, वातावरण, संवाद, भाषाशैली ही नावे मुलांना तोंडपाठ असतात. निवेदन कोणत्या प्रकारचे आहे असे विचारले की 'मी' दिसला तर प्रथमपुरुषी आणि न दिसला तर तृतीयपुरुषी, असे उत्तर क्षणात येते आणि तिथेच विचार थांबतो. शब्दसंपत्तीची वेळ आली की हीच मुले वहीत अवघड शब्दांसमोर अर्थ लिहून मोकळी होतात. निवेदनाचा प्रश्न आणि शब्दांचा प्रश्न हे मुळात एकच असावेत, असे मला फार दिवस वाटत आले आहे, पण ते वर्गात नीट दाखवता येत नाही.

यंदा मी मुलांना स्वतःच एक परिच्छेद लिहायला सांगितले. घर जुने असावे, वेळ संध्याकाळची असावी आणि 'मी' वापरू नये, एवढीच अट होती. एका विद्यार्थिनीचा परिच्छेद तिच्या परवानगीने इथे देत आहे.

'वहिनी माजघरातून बाहेर आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. ओसरीवर मामंजी बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. गोविंदा म्हणे सकाळीच तालुक्याला गेला होता. म्हणजे कागद आज ना उद्या सरकारात पोचणार. आता पुढे काय होणार होतं ते देवालाच ठाऊक. आपण मात्र तोंड उघडायचं नाही. वहिनींनी पदर सावरला आणि कंदिलाची काच पुसायला घेतली.'

यावर वर्गात बराच वाद झाला. काहींच्या मते निवेदक सर्वज्ञ आहे, कारण त्याला घरातले सगळे माहीत आहे. काहींच्या मते सगळे सुनेच्या नजरेतून दिसते. एक मुलगा मात्र ठामपणे म्हणाला की हे दिराने सांगितलेले आहे. मला तिघांचेही थोडे थोडे पटले आणि म्हणूनच निर्णय देता आला नाही. 'वहिनी' आणि 'मामंजी' हे दोन शब्द एकाच परिच्छेदात येणे हा दोष मानावा का? आणि असा परिच्छेद वर्गात उलगडताना सुरुवात कुठून करावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शब्दपारखी

परिच्छेद चांगला आहे आणि तुमच्या वर्गातला वाद त्याहून चांगला आहे. माझ्या मते घोटाळा होतो तो 'कोण सांगतो' आणि 'कोण पाहतो' हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे. प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी ही नावे फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. सांगणारा कथेबाहेर उभा असला, तरी त्याने डोळे मात्र कथेतल्या कोणाचे तरी घेतलेले असू शकतात, आणि हे डोळे कोणाचे आहेत ते मराठीत सर्वांत आधी नात्याच्या शब्दांवरून कळते.

'मामंजी' हा शब्द घ्या. तो माणूस आपल्या मुलासाठी वडील आहे, गोविंदासाठी कदाचित मालक किंवा तात्या आहे, गावासाठी आणखी कोणी. 'मामंजी' तो फक्त सुनेसाठी आहे. त्रयस्थ निवेदकाने त्याला 'मामंजी' म्हटले की निवेदक सुनेच्या शेजारी जाऊन उभा राहिला, असे समजावे. 'वहिनी' हा शब्द नेमका उलट दिशेने ओढतो. कोणतीही बाई स्वतःच्या मनात स्वतःला 'वहिनी' म्हणत नाही. तो शब्द दिराचा, नणंदेचा किंवा शेजारपाजारचा. तुमच्या विद्यार्थ्याने दीर ओळखला तो यावरूनच, आणि पहिल्या वाक्यापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे.

पुढे 'म्हणे' पाहा. तीन अक्षरेसुद्धा नसलेला हा शब्द सर्वज्ञ निवेदकाची शक्यता जवळजवळ संपवून टाकतो. ज्याला सगळे माहीत असते तो 'गोविंदा सकाळीच तालुक्याला गेला होता' असे म्हणेल. 'म्हणे' आला याचा अर्थ पाहणाऱ्याने गोविंदाला जाताना पाहिलेले नाही, त्याच्या कानावर कोणाकडून तरी आले आहे. माजघरात वावरणाऱ्या बाईपर्यंत बाहेरची बातमी अशीच पोचते, त्यामुळे तो शब्द तिच्या परिस्थितीलाही धरून आहे. 'सरकारात' हाही तसाच. 'कागद मामलेदार कचेरीत दाखल होणार' असे लिहिले असते, तर वाक्य कागदपत्रांची माहिती असलेल्या माणसाचे झाले असते.

सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे 'आपण'. मराठीत कोणाच्या मनातले सांगताना 'आपण चुकलो, हे त्याच्या लक्षात आले' असे आपण सहज लिहितो. इथे 'आपण' म्हणजे सांगणारा नव्हे, तर ज्याच्या मनात ते आले तो. तुमच्या विद्यार्थिनीने 'असे वहिनींना वाटले' हे शब्द गाळले आणि उरलेले तसेच ठेवले. त्यामुळे वाक्य निवेदकाचे असूनही आवाज त्या बाईचा झाला. समीक्षेत याला मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणतात, पण हे नाव न सांगताही मुलांना ते ऐकू येते. 'आपण' काढून 'त्यांनी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं' असे वाचून दाखवावे. माहिती तीच राहते, पण निवेदक मनातून उठून पुन्हा ओसरीवर येऊन बसतो.

म्हणून माझे वाचन असे की परिच्छेद बाहेरून सुरू होतो, आत शिरतो आणि शेवटच्या वाक्यात पुन्हा बाहेर येतो. या हालचालीत दोष नाही. मला खटकते ते इतकेच की 'मामंजी' फार लवकर आला. आपण अजून 'वहिनी' म्हणणाऱ्याच्या जागी उभे असताना दुसऱ्याच वाक्यात आपल्याला सुनेच्या जागी नेले जाते, आणि वाचक क्षणभर घरातली नाती जुळवत बसतो. तिथे 'ओसरीवर तात्या बसले होते' असे लिहून, आपण तिच्या मनात शिरल्यावर मग 'मामंजी' आणले असते, तर तोच शब्द दार उघडल्यासारखा लागला असता.

अमरावतीकर

शब्दपारखींचे विवेचन मनापासून आवडले, पण 'वहिनी' हा शब्द दिराचा किंवा नणंदेचाच असतो, हे मान्य करता येत नाही. जुन्या एकत्र कुटुंबांत काका आणि आत्या जे म्हणत तेच ऐकत मुले मोठी होत आणि स्वतःच्या आईलाही 'वहिनी' म्हणत. वडिलांना 'दादा' किंवा 'भाऊ' म्हणण्याची चालही तशीच पडलेली आहे. माझ्या माहितीतल्या अनेक घरांत आजही साठी-सत्तरीची माणसे आईची आठवण 'आमच्या वहिनी' अशी काढतात. तेव्हा हा परिच्छेद त्या बाईच्या मुलाने किंवा मुलीने, पुष्कळ वर्षांनी आठवून सांगितलेला असू शकतो, आणि तसे वाचले तर सगळ्याचा अर्थ पालटतो. 'आपण मात्र तोंड उघडायचं नाही' हे मग निवेदकाने आईच्या मनात शिरून केलेले अनुमान ठरते: आई तेव्हा गप्प का राहिली असेल, याचा शोध घेणाऱ्या अपत्याचे.

अर्थात 'मामंजी'चा प्रश्न तरीही उरतो, कारण नातवंडे आजोबांना मामंजी म्हणणार नाहीत. इथे निवेदकाने आईचा शब्द उसना घेतला आहे असे मी समजेन, आणि तो लवकर आला याची मला अडचण वाटत नाही. पाहणारा पहिल्याच ओळीत निश्चित झाला पाहिजे, ही अपेक्षा मला थोडी कडक वाटते.

यातून शब्दसंपत्तीबद्दलही एक गोष्ट निघते. मुले शब्दाचा अर्थ शोधतात, पण शब्दाचा पत्ता शोधत नाहीत. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' 1932 पासून सात विभागांत प्रसिद्ध झाला. त्यात पुष्कळ शब्दांपुढे वऱ्हाडी, नागपुरी, खानदेशी, गोमंतकी, कुडाळी अशा प्रदेशांच्या खुणा संक्षेपाने दिलेल्या आहेत. वर्गात हा कोश उघडून, हा शब्द कोणत्या भागात बोलला जातो आणि कोणत्या घरात बोलला जाईल, असे दोन प्रश्न एकापाठोपाठ विचारून पाहावेत. 'मामंजी' महाराष्ट्रातल्या प्रत्येक सुनेच्या तोंडी नव्हता. कष्टकरी घरांतल्या कित्येक सुना सासऱ्याला 'मामा' म्हणत आल्या आहेत. म्हणजे त्या एका शब्दाने नाते सांगितले आणि घराची सामाजिक जागाही सांगून टाकली. कंदील, माजघर आणि सरकारात जाणारा कागद यांच्याशी तो जुळतो, म्हणून परिच्छेद एका काळाचा आणि एका थराचा वाटतो.

पंचगंगा

वरची चर्चा तृतीयपुरुषी निवेदनाची आहे. 'मी' असला की प्रश्न सुटला, असे मुलांना वाटते. म्हणून त्याबद्दल थोडे लिहिते.

मराठीत 'मी' म्हणणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे क्रियापद सांगते. पण नेहमी सांगत नाही. 'मी निघालो' किंवा 'मी निघाले' म्हटले की कळते. 'मला पत्र मिळाले. मी ते वाचले आणि फाडून टाकले. मला बरे वाटले.' या तीन वाक्यांत मात्र कळत नाही, कारण क्रियापद पत्राच्या मागे गेले आहे किंवा 'मला' या रूपाने कर्ता बाजूला झाला आहे. 'मी जाईन' आणि 'मी रोज तिथे जात असे' यांतही लिंग लपलेलेच राहते. लेखकाला हवे असेल तर तो पान-दीड पान निवेदकाची ओळख राखून ठेवू शकतो, आणि 'म्हणालो' किंवा 'विसरले' असे एखादे क्रियापद आले की ती उघड होते. मुलांना सांगावे की पहिले असे क्रियापद कुठे येते त्याखाली रेघ मारा, आणि तोपर्यंत तुम्ही मनात कोणाला धरून वाचत होता ते प्रामाणिकपणे लिहा. आमच्या कोल्हापूरकडे बायकाही 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात. त्यामुळे या भागातल्या निवेदिकेच्या तोंडी 'गेलो' आला तर तो मुद्रणदोष समजू नये. तिचे गाव त्या एका प्रत्ययात आलेले असते.

'आम्ही' आणि 'आपण' यांच्याकडेही लक्ष द्यावे. 'आमच्या गावात' म्हणणारा वाचकाला पाहुणा मानतो, 'आपल्या गावात' म्हणणारा त्याला गावकरी करून घेतो.

पण 'मी'चे खरे सामर्थ्य, कोणाला काय माहीत आहे याच्या वाटपात असते. बाबुराव बागूल यांच्या 1963 साली प्रसिद्ध झालेल्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहातली शीर्षककथा आठवावी. रेल्वेतल्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला आलेला दलित तरुण राहायला जागा मिळावी म्हणून जात सांगत नाही. शीर्षकातच 'मी' आहे आणि कबुलीही आहे. त्यामुळे त्याचे गुपित वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते आणि भोवतालच्या माणसांना ठाऊक नसते. त्याच्याशी कोणी प्रेमाने बोलले तरी वाचक धास्तावतो. हीच कथा घरमालकाच्या नजरेतून सांगितली असती, तर जात कळणे हा शेवटचा धक्का ठरला असता, आणि रोज उघडे पडण्याच्या भीतीत जगणे म्हणजे काय, हे वाचकाला कधीच अनुभवता आले नसते. निवेदकाची भाषा शिकलेल्या, कविता जवळ असलेल्या तरुणाची आहे, हेही इथे महत्त्वाचे आहे. ती भाषा ऐकून भोवतालचे लोक त्याच्याविषयी जे ठरवतात, त्यावर कथा उभी राहते. अशा ठिकाणी शब्दसंपत्ती हा शैलीचा अलंकार राहत नाही, कथेतल्या घटनेचे कारण बनतो.

पानगळ

तिघांचेही आभार. 'वहिनी' म्हणणारे स्वतःचे मूलही असू शकते, हे माझ्या अजिबात ध्यानात आले नव्हते. उद्या वर्गात ही शक्यता मांडणार आहे. एक शंका राहते. ग्रामीण कथांमध्ये संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत असे पुष्कळदा दिसते. मग पाहणारा गावातलाच आहे असे म्हणायचे, की लेखक शहरातून पाहतो आहे असे म्हणायचे? मुले म्हणतात, 'पात्रे अशुद्ध बोलतात आणि लेखक शुद्ध लिहितो.' हे वाक्य मला त्रास देते, पण त्याला पुरेसे उत्तर सुचत नाही.

जुने पान

त्या वाक्यातला 'अशुद्ध' हा शब्द आधी वर्गाबाहेर काढावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. बोलीला स्वतःचे व्याकरण असते, आणि वर पंचगंगा यांनी 'मी आलो'चे उदाहरण दिलेच आहे. आता मूळ शंकेकडे येतो.

संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत, ही विभागणी म्हणजे सांगणारा आणि ज्यांच्याविषयी सांगायचे ती माणसे यांच्यातले अंतर असते. ते अंतर काही कथांत नकळत पडलेले असते, काहींत जाणून ठेवलेले असते. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' 1949 साली आली. त्यांतला 'मी' त्या मुलखाचा आहे आणि शिकलेलाही आहे. म्हणून त्याच्या निवेदनाची वाक्ये प्रमाण मराठीच्या जवळची असली, तरी वस्तूंची, जनावरांची आणि कामांची नावे माणदेशातलीच येतात. असा निवेदक शहरातून पाहतो असे म्हणता येत नाही, आणि तो तिथेच राहिला असेही म्हणता येत नाही. पुढच्या काळात निवेदनासकट सगळी कथा बोलीत लिहिणारे लेखक आले, तेव्हा हे अंतर मिटवणे हाच त्यांचा हेतू होता. मुलांनी विचारायचा प्रश्न असा: निवेदकाच्या वाक्यात आलेला हा शब्द पात्राच्या तोंडी शोभला असता का? शोभत असेल तर दोघे जवळ आहेत. पात्र ज्याला 'खुरपं' म्हणते त्याला निवेदक 'शेतीचे अवजार' म्हणू लागला, तर तो बांधावर उभा राहून पाहतो आहे.

प्रत्ययांचाही कान लावावा. 'केले, झाले, वाटले' आणि 'केलं, झालं, वाटलं' यांत अर्थाचा फरक नाही, पण पहिले लिहिल्यासारखे लागते आणि दुसरे बोलल्यासारखे. जुन्या कथांत निवेदन पहिल्या रूपात आणि संवाद दुसऱ्या रूपात असे. तुमच्या विद्यार्थिनीने निवेदनातच 'पाहिलंसुद्धा', 'होतं' असे लिहिले, म्हणून वहिनींच्या मनात शिरताना भाषेचा उंबरठा लागला नाही. 'पाहिलेसुद्धा नाही', 'होणार होते' असे करून तो परिच्छेद पुन्हा मोठ्याने वाचावा. 'आपण मात्र तोंड उघडायचं नाही' हे वाक्य एकदम अवतरणचिन्हांत बसवावेसे वाटू लागेल.

सांगणारा आणि पात्र यांच्या शब्दांतले अंतर कथेला किती उपयोगी पडते, हे पाहायचे असेल तर रशियन कथाकार चेखॉव्हची 1886 सालची 'वान्का' ही छोटी कथा वर्गात घ्यावी. मॉस्कोत चांभाराकडे काम शिकायला ठेवलेला नऊ वर्षांचा मुलगा नाताळच्या आदल्या रात्री चोरून आजोबांना पत्र लिहितो. पत्रातले शब्द त्याचे आहेत: मार, भूक, झोप आणि घरी घेऊन जाण्याची विनवणी. मधली वर्णने निवेदकाची आहेत. पत्ता म्हणून मुलगा खेडे आणि आजोबांचे नाव एवढेच लिहितो आणि निश्चिंत होऊन झोपतो. हे पत्र पोचणार नाही, हे निवेदकाला कळते आणि वाचकालाही कळते, पण निवेदक ते वाक्य लिहीत नाही. त्याने ते लिहिले असते, तर आपण मुलाकडे वरून पाहिले असते.

वर्गासाठी एक काम सुचवतो. तुमच्या विद्यार्थिनीचा परिच्छेद एकाही घटनेत बदल न करता आधी ओसरीवर बसलेल्या सासऱ्याच्या नजरेतून आणि मग गोविंदाच्या नजरेतून लिहून घ्यावा. सासऱ्याच्या परिच्छेदात 'मामंजी' आणि 'वहिनी' दोन्ही जातील, 'सूनबाई' येईल, आणि 'मान वर करून पाहिलं नाही' हे वाक्य तसेच ठेवता येणार नाही. कारण मान वर न करणाऱ्याला ती बाहेर आल्याचे बांगड्यांवरून किंवा पावलांवरूनच कळेल. गोविंदाच्या परिच्छेदात 'म्हणे' टिकणार नाही आणि 'सरकारात'च्या जागी त्याला कचेरीचे, कारकुनाचे आणि त्या कागदाचे नेमके नाव माहीत असावे लागेल. एवढेच नव्हे, तर सकाळी तालुक्याला गेलेला गोविंदा दिवेलागणीला त्या ओसरीसमोर असेलच असे नाही. तसे असेल तर कंदिलाची काच त्याला दिसणार कशी, हे मुलांनाच ठरवू द्यावे.